मदत हवी आहे: हार-जीत बाजूला ठेवून खेळाची नोंद कशी ठेवावी?

रँक्ड गेम्ससाठी (ज्यांत हार-जीतीवर रेटिंग वर-खाली होतं) नोंदवही आखतोय, एका जागी अडलंय.

एलो पद्धतीत (समोरच्याच्या रेटिंगनुसार गुण देण्या-कापण्याची रीत) 'के', म्हणजे एका डावात जास्तीत जास्त किती गुण बदलू शकतात तो आकडा, 20 असेल तर बरोबरीच्या खेळाडूकडून हरल्यावर 10 गुण जातात, 200 ने खालच्याकडून हरलं तर साधारण 15. दर डावाला जिंकायची शक्यता 50 टक्के धरली तरी 20 डावांत कुठेतरी सलग 4 वेळा हरण्याची शक्यता जवळपास निम्मी. हे गणित पटतं, पण चौथ्या हारीनंतर "आपल्याला जमतच नाही" हेच डोक्यात बसतं आणि गुण परत मिळवायला 'शेवटचा एक डाव' सुरू होतो. (तो कधीच शेवटचा नसतो.)

सध्याचा नियम: सलग 2 हारी झाल्या की 30 मिनिटं बंद, रेटिंगचा आकडा लपवलेला, आणि डावानंतर एकच ओळ: कोणता निर्णय चुकला, तेव्हा काय माहीत होतं. गोची अशी की हरल्यावर सगळेच निर्णय चुकीचे वाटतात, आणि जिंकल्यावर घोडचूकही हुशारी वाटते.

निकालाचा रंग न लागता ही ओळ कशी लिहायची? दुसऱ्या दिवशी रिप्ले मध्येच थांबवून? पाच जणांच्या टीममध्ये स्वतःचा वाटा वेगळा कसा काढता? आणि स्पर्धेत, जिथे 30 मिनिटं उठताच येत नाही, तिथे दोन डावांच्या मध्ये नेमकं काय करता?