जन्मभर इतरांचे लेखन जुळवले. आता स्वतःचे लिहावे का?

जुना कंपोझिटर, नारायण पेठ
पेठेतल्याच एका छापखान्यात मी तरुणपणापासून खिळे (छपाईचे सुटे अक्षरठसे) जुळवण्याचे काम केले. ऑफसेट आणि संगणक आल्यावर ते काम संपले, पण तोवर इतरांची कितीतरी पुस्तके, लग्नपत्रिका आणि हँडबिले माझ्या बोटांखालून गेली होती. हल्ली मी त्या दिवसांबद्दल वहीत थोडेथोडे लिहितो. परवा सुनेने सहज विचारले, "बाबा, हे कोणासाठी लिहिता?" मला उत्तर देता आले नाही. प्रसिद्धीची हौस नाही आणि भाषेवर लेखकाची हुकमतही नाही. येथे जे नियमित लिहितात त्यांनी आपण का लिहितो ते सांगावे, आणि माझ्यासारख्याने लिहावे की नाही याबद्दल स्पष्ट मत द्यावे.

मुठाकाठ
मी लिहिते ते मुख्यतः आपल्याला काय ठाऊक नाही हे कळावे म्हणून. पानशेतच्या पुराच्या गोष्टी आमच्या घरात सर्वांना तोंडपाठ होत्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, त्याच दिवशी खडकवासल्याचेही फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, एवढे कोठेही वाचायला मिळते. आईची हकिगत कागदावर उतरवायला बसले, तेव्हा मात्र प्रत्येक वाक्याला प्रश्न अडकू लागला. पाणी येत असल्याचे त्यांना सांगितले कोणी, आजोबा दुकानाच्या वह्यांसाठी मागे फिरले ते कोणत्या बोळातून, भिजलेल्या धान्याचे पुढे काय केले आणि त्या रात्री सगळे जेवले कोणाकडे? बोलताना "मग आम्ही वर गेलो" एवढ्यावर भागते. लिहिताना "वर" म्हणजे पर्वती की शेजारच्या वाड्याची माडी, हे ठरल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. सुदैवाने आई सांगायला होती. तुमच्या बाबतीत विचारणारे आणि सांगणारे दोन्ही तुम्हीच आहात, म्हणून उशीर करू नये.

स्पष्टवक्ता, सदाशिव पेठ
प्रत्येकाने लिहिलेच पाहिजे हे मला मान्य नाही. "आमच्या वेळी" असे म्हणून सुरू होणारे आणि "आता ते दिवस राहिले नाहीत" म्हणून संपणारे लेखन या शहरात मुबलक आहे. आपण लिहिणारच असाल तर हळहळ वगळून कामाबद्दल लिहावे: खिळे कोठून येत, जुळणीचे पैसे कशावर ठरत, दिवाळी अंकांच्या दिवसांत रात्री कशा जात. तसे पुस्तक मी विकत घेऊन वाचीन. (पुण्यात याहून मोठे आश्वासन मिळत नाही.)

निवृत्त शिक्षिका
वरील सल्ला चांगला आहे, परंतु लिहिण्याआधी पात्रता तपासावी असा त्यातला सूर मला पटत नाही. १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. ती जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकत होती आणि तिचे वय अवघे चौदा होते. ज्या धर्मग्रंथांना स्पर्श करण्याचीही आपल्या लोकांना मुभा नाही, तो धर्म आपला कसा, असा रोकडा प्रश्न तिने विचारला. पेशवे दप्तराचे रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) याच शहरात जपलेले आहेत, पण ते कारकुनांनी सरकारच्या हिशेबाने लिहिलेले. ज्यांच्यावर बेतले त्यांनी स्वतः लिहिलेले फारच थोडे सापडते. छापखान्यांचेही तसेच आहे. मालक, संपादक आणि लेखक यांच्या आठवणी आपण वाचतो, जुळाऱ्याच्या किती वाचल्या? सुनेला उत्तर देण्याची घाई करू नका. वहीत तारीख, ठिकाण आणि त्या वेळचे दर मात्र जरूर घाला.

जुना कंपोझिटर, नारायण पेठ
सर्वांचे आभार. हळहळ बाजूला ठेवून मी 'केस'पासून, म्हणजे खिळे ठेवण्याच्या घरांच्या खणापासून, सुरुवात केली आहे: काना, वेलांटी, रफार, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे यांचे खिळे कोणकोणत्या घरात असत, त्याचा नकाशा वहीत काढत आहे. नुसते आठवून जमत नाही. टेबलावर हात फिरवला की जागा सापडते. तरीही 'ज्ञ' आणि 'क्ष' यांच्या घरांबद्दल मनात शंका आहे, आणि प्रत्येक छापखान्याची मांडणी थोडी निराळी असे हेही खरे. येथे कोणी ट्रेडल छपाईयंत्राच्या काळात जुळणी केली असेल, तर त्यांनी आपल्या केसची मांडणी कळवावी. दोन्ही नकाशे वहीत शेजारी शेजारी काढीन.