सायबर पुराव्याचं प्रशिक्षण : दोन दिवसांची कार्यशाळा पुरते का?

काळा_कोट (धागाकर्ती)
न्यायाधीश आणि सरकारी वकिलांना ती पुरत नाही, कारण नियमच बदलत राहतात. जालन्याचा निवडणूक खटला आठवा. २०१४ ची विधानसभा, फरक २९६ मतांचा. उमेदवारी अर्ज मुदतीत आला का, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावरून ठरायचं होतं. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं : मूळ उपकरण न्यायालयात आणलं नसेल, तर तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत कशी काढली याचा सहीचा दाखला, हवंच.

त्याआधी? याच न्यायालयाचं म्हणणं २००५ मध्ये प्रमाणपत्राविना चालेल, २०१४ मध्ये चालणार नाही, २०१८ मध्ये सवलत. आणि १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या नव्या साक्ष अधिनियमाचं कलम ६३ : प्रमाणपत्राचे दोन भाग, हॅश मूल्य (फाइलच्या मजकुरावरून गणितानं निघणारा ओळख-आकडा), दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही. २०१९ मध्ये कार्यशाळेला बसलेल्या न्यायाधीशाची वही आज चुकीची आहे! म्हणून माझं म्हणणं, उत्तनच्या न्यायिक अकादमीनं दर जिल्ह्यात दोन-तीन न्यायाधीश आणि सरकारी वकील प्रशिक्षक म्हणून तयार करावेत. त्यांनी वर्षभर सराव घ्यावा. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलून हॅश पुन्हा काढायला लावा. अख्खा आकडा बदललेला डोळ्यांनी पाहिला की शिकणारा विसरत नाही.

एपीपी_तालुका
ताई, मी तालुक्याचा सहायक सरकारी वकील, माझं प्रशिक्षण झालंय. परत आलो तर टेबलावर तोच गठ्ठा. आयटी कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे तपास निरीक्षकाच्या खालच्या हुद्द्यानं करायचा नाही, पण मोबाईल उचलायला जातो हवालदार. पंचनाम्यात हॅश नाही, फोन बंद केला की चालू ठेवला याची नोंद नाही. मी काय उभा राहून सांगू? आधी पोलीस ठाणं शिकवा, प्रयोगशाळेत माणसं भरा.

काळा_कोट
पंचनाम्यातली ती उणीव दोषारोपपत्र दाखल होण्याआधी कोण पकडणार? तुम्हीच ना, दादा? जालन्यात अधिकाऱ्यांनी वारंवार मागूनही प्रमाणपत्र दिलं नव्हतं. न्यायालय म्हणालं, नकार मिळाला तर कोर्टाकडून आदेश मागा. फौजदारी खटल्यातही योग्य टप्प्यावर प्रमाणपत्र आणता येतं. हे ठाऊक नसलेला वकील पुरावा हातचा घालवतो.

निवृत्त_न्यायाधीश
माझा आक्षेप वेगळा आहे. मी बसलो त्या सत्रांत शिकवणारे जवळजवळ सगळे तपास यंत्रणेतले होते. पुरावा कसा टिकवायचा हे शिकलो. तो कुठे फसवा असू शकतो हे कोणी सांगितलं नाही. आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, म्हणजे माणूस नव्हे, एका राउटरमागे अख्खी चाळ असते. आरोपीच्या बाजूचा तज्ज्ञ फळ्यापाशी उभा करणार नसाल, तर वर्षभराच्या सरावानं एकच बाजू पक्की होईल.

काळा_कोट
साहेब, हे माझ्या मांडणीत राहून गेलं होतं. बचावाचे वकील सरावात हवेतच, उलटतपासणीसकट.

एपीपी_तालुका
मग एक अट माझीही. सरावाच्या दिवशी माझ्या बोर्डावर तारखा लावू नका. बदली होऊन येणाऱ्यालाही पहिल्याच महिन्यात बसवा. नाहीतर शिकलेला माणूस एका तालुक्यातून जातो आणि तिथली पाटी पुन्हा कोरी.