‘कलम’ फॉन्ट पोरकट? मग ऐकाच

शाईचे_डाग: काल एका विद्वानांनी लिहिलं, ‘कलम हा बालवाडीच्या भिंतीवरचा फॉन्ट, धंद्यात वापरणाऱ्याला अक्षरांची जाणच नाही.’ डोक्यात गेलं, म्हणून सविस्तर. अठरा वर्षं डीटीपी करतोय. इंडियन टाइप फाउंड्रीच्या या हस्ताक्षरी फॉन्टात बॉलपेनचा तिरका हात आहे, लाइट-रेग्युलर-बोल्ड तिन्ही जाड्या आहेत, वर फुकट. आमच्या गल्लीतल्या काकूंच्या पाकिटाला तोच लावला. ‘मेतकूट, 200 ग्रॅम’ हे ‘मंगल’ या नेहमीच्या कॉम्प्युटरी फॉन्टात तहसीलची नोटीस वाटतं. कलममध्ये काकूंनीच डब्यावर चिठ्ठी डकवल्यासारखं दिसतं.

नाकासमोर: मेतकूट ठीक. माझ्या आजोबांच्या उत्तरकार्याची पत्रिका असल्याच एका गोलमटोल फॉन्टात छापून आली होती. ‘दुःखद’मधला विसर्ग म्हणजे दोन जेम्सच्या गोळ्या! आत्या रडता रडता हसली. छापखानेवाला म्हणे, ‘जरा मोकळं वाटतं ना.’

शाईचे_डाग: ती अक्कल छापखानेवाल्याची. फॉन्टने काय घोडं मारलंय?

देठ_आणि_पाकळी: तुमचं चालू द्या. मला एवढंच सांगा, फुकटच्या बऱ्याच फॉन्टांत ‘ल’ हिंदीच का येतो? 2009च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ल, देठयुक्त श स्पष्ट दिलेत.

नाकासमोर: आला ल! दर धाग्यात येतो.

युनिकोडवाला: युनिकोडात, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरसूचीत, ल एकच. पाकळ्या द्यायच्या की नाही, हे फॉन्ट ठरवतो. मजकुराची भाषा ‘मराठी’ लावा, ज्यात सोय आहे त्यात आपोआप बदलतो.

देठ_आणि_पाकळी: माझ्याच भाषेतला ल मिळवायला मी सेटिंगं हुडकायची? लेकीने कॉम्प्युटरवर बघून ल गिरवला, बाईंनी तांबडी फुली मारून पानभर लिहायला लावला. ते पान कोण भरून देणार, तुमचं युनिकोड?

युनिकोडवाला: मग स्वतः फॉन्ट बनवा.

देठ_आणि_पाकळी: हा माज बघा!

शाईचे_डाग: अहो, धागा हस्ताक्षराचा आहे!

बोरू: कसलं हस्ताक्षर? अक्षरचित्रकार कमल शेडगे नाटकागणिक नाव नव्याने चितारायचे. तुमच्या कलममध्ये ‘काकांची काकडी’ टाइप करा. चारही क शिक्का मारल्यासारखे. माणसाच्या हातून दुसरा क पहिल्यासारखा कधी उतरतो का? सोंग आहे ते.

शाईचे_डाग: बरं बाबा, हे खरं. म्हणूनच नावापुरता वापरतो, मागची बारीक यादी ‘मुक्ता’ या साध्या फॉन्टात लावलीय. पण दोनशे रुपयांच्या लेबलाला शेडगे कुठून आणू?

नाकासमोर: म्हणजे दोन शब्दांपुढे चालत नाही. कालचे विद्वान वेगळं काय म्हणाले?

शाईचे_डाग: ‘जाणच नाही’ म्हणाले. वाचता येतं ना?

देठ_आणि_पाकळी: काकूंची लसूण चटणी आली की पाकिटाचा फोटो टाका. ल बघायचाय.

शाईचे_डाग: ‘लसूण’ मी हाताने लिहितो. झालं समाधान?