‘ओपन अ‍ॅक्सेस’ आणि ‘डेटा’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणारा, कोल्हापूर: मानव्यविद्यांच्या संशोधन-सामग्रीसाठी आम्ही काही जण एक ओपन अ‍ॅक्सेस नियतकालिक काढतोय, म्हणजे ते कुणालाही वर्गणीशिवाय वाचता-वापरता येईल. ‘जर्नल ऑफ ओपन ह्युमॅनिटीज डेटा’ २०१५ पासून करतंय तसंच. निष्कर्षांचा लेख नाही. सामग्री कुठून मिळाली, कशी टिपली, काय गाळलं, दुसऱ्याला कशी वापरता येईल, एवढंच सांगणारा छोटा लेख. मूळ सामग्री झेनोडोसारख्या ऑनलाइन भांडारात, कायमच्या डीओआय या ओळख-क्रमांकासह. नियमावलीत ‘मुक्त प्रवेश’ लिहिलं, तर एकानं विचारलं, अ‍ॅडमिशन कधी सुरू? आणि मोडी कागदांच्या लिप्यंतराला ‘विदा’ (‘डेटा’चा रूढ प्रतिशब्द) म्हणायला जीभ वळत नाही.

ग्रंथपाल: मुक्तद्वार! ‘मुक्तद्वार वाचनालय’ गावोगावी आहे. वर्गणी नाही, ओळखपत्र नाही, या आणि वाचा.

मोडीवाचक: पण तिथलं वर्तमानपत्र घरी नेऊ देता का? ओपन अ‍ॅक्सेसची व्याख्या करणाऱ्या २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात नुसतं वाचणं नाही. उतरवून घेणं, प्रती काढणं, वाटणं, छापणं सगळं येतं. अट एकच, लेखकाचं श्रेय द्यायचं आणि त्याच्या मजकुराची मोडतोड करायची नाही. मला ‘मुक्त वापर’ बरा वाटतो.

ग्रंथपाल: मान्य. ‘मोफत’ मात्र नको. वाचकाला फुकट आणि लेखकाकडून छपाईचं शुल्क, अशीही ओपन अ‍ॅक्सेस नियतकालिकं आहेत. तुम्ही दोघांकडूनही काही घेणार नसाल तर ‘लेखक-वाचक दोघांनाही विनाशुल्क’ असं सरळ लिहा.

इतिहासवाला: ‘डेटा’साठी एवढी शोधाशोध कशाला? १८९८ साली इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. पत्रं जशीच्या तशी छापायची, म्हणजे पुढचा माणूस त्यावर काम करेल. हेच की! ‘साधने’ म्हणा. फक्त राजवाडी प्रस्तावना नको, ती साधनांपेक्षा जास्त गाजते.

विचारणारा: शब्द झकास आहे. पण चंदगडी बोलीचं ध्वनिमुद्रण, त्यातल्या क्रियापदांचा तक्ता, हे ‘साधन’? शिवाय ‘साधन’ म्हटलं की संगणकवाल्यांना टूल वाटतं.

भाषा-अभ्यासक: ध्वनिमुद्रण का नाही? ज्यावरून अभ्यास होतो ते साधन. तक्ता मात्र वेगळा. तो कुणीतरी ठरवून पाडलेला आहे, कुठलं रूप कुठल्या रकान्यात हा त्याचा निर्णय आहे. माझ्या मते मूळ ते ‘साधन’, रचून ठेवलेलं ते ‘साधनसंच’, आणि त्याची ओळख करून देणारा तो ‘साधन-परिचय’. ‘आकडेवारी’ तर अजिबात नको, मोडी कागदांच्या रुमालात कसले आकडे? (असतात म्हणा, जमाखर्चात भरपूर.)

मोडीवाचक: मोडीत आणखी एक पाहा. २०१४ पासून मोडीला युनिकोड (संगणकावर अक्षरं लिहायचे प्रमाण संकेत) आहे, तरी बहुतेक जण देवनागरीत उतरवतात. ते ‘लिप्यंतर’, ‘भाषांतर’ नव्हे. नियमावलीत दोन्ही वेगळे ठेवा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, तेव्हा ‘शुद्धलेखन दुरुस्त केलं का’ हा प्रश्न परिचयात सक्तीचा करा.

कोल्हापूरकर: आणि नियमावलीतलं ते ‘समवयस्क परीक्षण’ (पिअर रिव्ह्यू) तेवढं काढा वो. सत्तरीच्या मोडीवाल्याचा लेख तपासाय सत्तरीचाच माणूस हुडकायचा का आता?

विचारणारा: काढलं. ‘तज्ज्ञ-परीक्षण’ केलं. ‘साधनसंच’ आणि ‘मुक्त वापर’ मसुद्यात घेतले. ‘मेटाडेटा’ (साधनांविषयीची माहिती) सध्या तसाच ठेवलाय. कुणाला बरं काही सुचलं तर सांगा, फक्त ‘अधिविदा’ नको.