पुण्याहून गरवायला (गळाने मासे धरायला) कुठे जावं? चार दिवस, तीन माणसं, एक धरण आणि एक खाडी

नळस्टॉपवाला
मंडळी, मदत हवीये. दिवाळीनंतर मेहुणा येतोय जर्मनीहून. तिकडे मासे धरायचे तर आधी परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो म्हणे, तो साहेबांनी काढलाय आणि गेली दोन वर्षं फोनवर माझं डोकं खातोय की तुमच्याकडे एवढा समुद्र, एवढी धरणं, आणि तू एकदाही नेलं नाहीस. आता न्यावंच लागणार. बरोबर माझा अकरा वर्षांचा मुलगा. माझा स्वतःचा अनुभव म्हणजे लहानपणी आजोळी ओढ्यात बांबूच्या काठीला दोरा बांधून गांडूळ लावायचो तेवढाच. आता डेकॅथलॉनमधून आठ फुटी रॉड आणि रील आणलंय, गच्चीत फेकायचा सराव चालू आहे, शेजारच्यांची एक कुंडी फुटली.

हाताशी कार्तिक शुद्ध दशमी ते त्रयोदशी असे चार दिवस आहेत, कारण पौर्णिमेच्या आत तुळशीचं लग्न उरकायचंय आणि बायकोने तारीख देऊन टाकलीये. एखादं धरण आणि एखादी खाडी असं दोन्ही व्हावं असं वाटतं. माझ्या डोक्यात यादी अशी: पवना, उजनी, रेवदंडा, मुरुड, हरिहरेश्वर, जमलं तर मालवण. बोला.

बोये_बुडालं
आधी ती यादी फाडा. चार दिवसात सहा जागा म्हणजे तुम्ही गाडी चालवणार, मासे नाही धरणार. नवीन माणसं हेच करतात, मीही केलंय, अलिबाग ते श्रीवर्धन दोन दिवसात सात ठिकाणी गळ टाकला आणि घरी आलो ते पेणहून विकत घेतलेली कोळंबी घेऊन.

खाडीवर जागा नंतर ठरते, आधी पाणी बघायचं. तुम्ही तिथी सांगितलीत हे फार बरं केलंत. कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण व्हायची वेळ मिळते. दशमी म्हणजे साडेसात, एकादशी सव्वाआठ, द्वादशी नऊ, त्रयोदशी पावणेदहा, अर्धा-पाऊण तास मागेपुढे. म्हणजे तुमच्या चारही दिवशी उजाडताना पाणी चढतं असणार आणि याच्याहून चांगलं काही मिळत नाही. पहाटे पाचला मुखाशी उभं राहायचं, भरती पूर्ण होऊन पाणी थबकलं की चहा प्यायचा, उतरायला लागलं की अजून तासभर बघायचं आणि मग सरळ जेवून झोपायचं. दुपारी एक-दोनला ओहोटीत चिखल बघत बसण्यात अर्थ नाही. अष्टमीला भांग असतो, पाण्याला ओढ नसते, मासाही सुस्त, ते दिवस तुमचे टळलेत. दशमीपासून जोर वाढत जाईल.

जागा म्हणाल तर बाणकोटची खाडी. पुणे, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, बागमांडला, निवांत गेलात तरी पाच-सहा तास. सावित्री तिथे समुद्राला मिळते. बागमांडल्याहून फेरीबोटीत गाडी टाकून पलीकडे वेसवीला उतरता येतं, त्यामुळे दोन्ही काठ हाताशी. खाडीत तांबोशी, काळुंदर, शेवटं, शिंगाळा, आणि नशीब जोरावर असेल तर जिताडा. जिताड्याला जिवंत कोळंबी, शेपटाकडून गरी (गळाचा आकडा) घालायची म्हणजे ती पाण्यात उड्या मारत राहते. काळुंदराचं तोंड एवढंसं असतं, त्याला बारीक गरी आणि कणकेची गोळी, मुलाला तेच द्या. आणि मोठा जिताडा लागला तर फोटो काढून सोडा, हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे प्रत्येक धूड ही अंड्यांवरची आईच समजा.

सावित्रीत वरच्या अंगाला महाडकडे मगरी आहेत, तिकडे पाण्यात पाय सोडून बसू नका. मुखाशी राहा.

कर्लीकाठ
बाणकोट बरा आहे पण मेहुणा जर्मनीहून येतोय म्हणता तर त्याला देवबाग दाखवा ना. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, एका बाजूला नदी, एका बाजूला समुद्र, मधे वाळूची पट्टी आणि त्यावर माड. संगमाच्या टोकाला उभं राहिलं की उतरत्या पाण्यात गोबरा लागतो, तांबोशी लागते, पहाटे वाळूवर मुडदुशी लागते ती तर तव्यावर घातली की पाच मिनिटांत संपते. मुंबईकडे मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पावणेपाच मीटर चढतं, आमच्याकडे जेमतेम दोन-अडीच, त्यामुळे नवख्या माणसाला मालवणचं पाणी सोपं, बघता बघता पायाखाली येत नाही.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. मालवणला सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासून, एकूण २९ चौरस किलोमीटरच्या वर, आणि सिंधुदुर्ग किल्ला-पद्मगडाच्या भोवतीचा साधारण तीन चौरस किलोमीटरचा गाभा आहे तिथे गळ टाकायचा नाही. किल्ल्याच्या तटाखालून रॉड काढून उभे राहणारे पर्यटक मी बघितलेत. होडी भाड्याने घेतलीत तर होडीवाल्याला आधीच विचारा कुठे चालतं, त्याला सगळं ठाऊक असतं. गरवूक येताना जिती सुंगटा (जिवंत कोळंबी) गावातच घेवा, पुण्याहून बर्फातली आणू नका, मासो हसता.

भीमाकाठचा
धरणांबद्दल कुणीच बोलेना म्हणून मी लिहितो. पवना, मुळशी, पानशेत ही नावं सगळे घेतात कारण रस्त्यावरून पाणी दिसतं. पाणी दिसलं म्हणून गळ टाकता येतो असं नसतं राव. धरणातल्या मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे असतो, ते बीज सोडतात, त्यांचं पोट त्यावर. मावळातल्या एका धरणावर मी न विचारता बसलो होतो तर रखवालदाराने रॉड काढून घेतला आणि तीन तास बसवून ठेवलं, आणि खरं सांगायचं तर चूक माझीच होती. तेव्हापासून आधी गावात जातो, संस्थेच्या माणसाला गाठतो, दोन शब्द बोलतो, ते जे काही पैसे सांगतील ते देतो. नव्वद टक्के वेळा तोच माणूस जागाही दाखवतो. पिण्याच्या पाण्याच्या धरणांना तर हातच लावू नका.

तुम्हाला उजनी सोपी पडेल. भिगवण, सोलापूर रस्त्याने शंभर किलोमीटर. मात्र ती पूर्वेला आणि खाडी पश्चिमेला, तेव्हा चार दिवसांत कोंबू नका, आधीच्या रविवारी सरावाला जा. उजनीत आता चिलापीच चिलापी, रोहू-कटल्याची वाट बघत बसलात तर दिवस जाईल. पुण्याचं सांडपाणी मुळामुठेतून तिथेच येतं, त्यामुळे मी तिथला मासा धरतो, खात नाही, हे माझं मत, भिगवणच्या हॉटेलवाल्यांनी रागावू नये. गांडूळ, बारीक गरी, बोये (दोऱ्यावरचं तरंगणारं बूच) दोन फुटांवर. लेकराला पहिल्या अर्ध्या तासात काहीतरी लागलंच पाहिजे नाहीतर मोबाईल मागतं.

तांबडं फुटायच्या वेळेला वारा नसतो, बोये बुडालेलं लगेच दिसतं. दहा वाजले की लाटा सुरू.

नळस्टॉपवाला
बोये_बुडालं यांचा तिथीचा हिशोब वाचून सासऱ्यांना दाखवला, ते म्हणाले हे तर माझी आई सांगायची, वाळवणाला मासे कधी मिळतील ते यावरून ठरायचं! मग बाणकोट नक्की. मालवण पुढच्या वर्षी, कर्लीकाठ रागावू नका, जायला-यायलाच दोन दिवस जातात.

दोन शंका. हरिहरेश्वर तिथून जवळच, तिथल्या खडकांवरून टाकलं तर? आणि महसीर हा काय प्रकार आहे, मेहुण्याने इंटरनेटवर वाचून ठेवलंय.

बोये_बुडालं
हरिहरेश्वरचे खडक नको. साफ नको. प्रदक्षिणेच्या वाटेवर लाट येऊन माणसं गेलीत. खडकावर हिरवं शेवाळ आणि मागून लाट, आणि तुम्ही बघणार पुढे दोऱ्याकडे. मुलगा बरोबर असताना खडकावर गळ टाकायचाच नाही. वाळू, जेटी, खाडीचा काठ, एवढंच. आणि गुडघ्याच्या वर पाण्यात उतरणार असाल तर लाइफ जॅकेट.

महसीर म्हणजे आपला खडशी. गंमत अशी की या दख्खनी महसीराची शास्त्रीय नोंद साइक्सने १८३९ मध्ये केली ती पुण्याजवळच्या मुळामुठेतल्या माशावरून. आज खडकीच्या पुलावरून खाली बघा म्हणजे कळेल काय करून ठेवलंय आपण. लोणावळ्याच्या वळवण तलावावर टाटांनी गेली अनेक वर्षं त्याचं बीज तयार केलंय आणि ते लांबलांबच्या नद्यांत सोडलं गेलंय. धरायला जाऊ नका, बघायला जा. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे, वरदायिनीच्या डोहातले मासे कुणी धरत नाही, लोक काठावरून खायला घालतात आणि हातभर मासे वर येतात. बाणकोटहून परतताना वाट वाकडी करून जा, रॉड गाडीतच ठेवा.

भीमाकाठचा
+१. शिंगाळा लागला तर हाताने नका धरू. कल्ल्यामागचे दोन आणि पाठीवरचा एक, असे तीन काटे असतात, लागला तर हात कोपरापर्यंत ठणकतो. पक्कड ठेवा.

नळस्टॉपवाला
जाऊन आलो! वृत्तांत देतो, विचारणाऱ्याने परत येऊन सांगायला हवं.

आधी भिगवण. गावात चौकशी केली, संस्थेचे एक काका भेटले, त्यांनी बाभळीखालची जागा दाखवली. पहिल्या वीस मिनिटांत मुलाला चिलापी. इथे एक नाटक झालं. मेहुण्याने पिशवीतून वीतभर लाकडी दंडुका काढला. तिकडे म्हणे मासा धरला की आधी डोक्यात मारून बेशुद्ध करायचा, मग मारायचा, असा कायदा आहे, आणि उगाच मौजेसाठी धरून सोडून दिला तर तोच उलट गुन्हा ठरू शकतो. मुलगा रडकुंडीला आला. तेवढ्यात बादलीतल्या दुसऱ्या एका चिलापीने तोंड उघडलं आणि आतून तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं बाहेर पडायला लागली, पन्नास तरी असतील, पाण्यात ढगासारखी. काका म्हणाले मादी तोंडातच वाढवते. बादली तशीच धरणात ओतली. दंडुका पिशवीत गेला, मेहुणा जरा वेळ गप्प होता, मग म्हणाला परवाना देताना हे नव्हतं शिकवलं.

बाणकोटला पहिल्या दिवशी शून्य. दुसऱ्या दिवशी एकादशी, सव्वाआठचा हिशोब, खरंच आठ वाजून दहा मिनिटांनी पाणी थांबलं, मी घड्याळ बघितलं. त्याच्या आधी तासाभरात मुलाला तीन काळुंदरं आणि मला एक पाऊण किलोची तांबोशी. मेहुण्याची मात्र लाइन सारखी तुटत होती, कात्रीने कापल्यासारखी, चार महागडी ल्युअर (खोटी आमिषं) गेली. पाचव्यांदा जे वर आलं ते पिवळट, गोल, फुगून चेंडू झालेलं आणि चक्क कुरकुरत होतं. हे काय?

कर्लीकाठ
तो केंड. तेच्या दातांपुढे जर्मन लाइन काय करतली? एक लागलो की त्या जागेर धा असतत, तिथून पन्नास पावलं सरकायचं, ल्युअर टाकत राहायचं नाही. आणि खाऊचो नाय, विषारी आसता, मांजराकही घालू नका.

काळुंदरं कशी केलीत ते लिहिलंच नाही तुम्ही.

नळस्टॉपवाला
केंड सोडून दिला, फोटो काढून. काळुंदरं ज्यांच्याकडे उतरलो त्या काकूंनी केली, हळद-तिखट-आगळ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून. तीन मासे, माणसं पाच. मेहुण्याला डोकं मिळालं.