बेसबॉल: टीमचा पगारखर्च आणि विजय यांची तुलना कशी मांडायची? (टी.वाय. प्रोजेक्ट, नाशिक)

कॉलेजरोडकर
टी.वाय. स्टॅटिस्टिक्सच्या प्रोजेक्टला विषय घेतलाय: अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये जी टीम पगारावर जास्त पैसा ओतते ती जास्त जिंकते का? लाहमन डेटाबेस (बेसबॉलच्या आकडेवारीचा मोफत संग्रह) उतरवून घेतला आहे. त्यात १९८५ ते २०१६ चे खेळाडूनिहाय पगार आहेत, ते टीम आणि वर्षानुसार बेरीज करून विजयांच्या टेबलाला जोडले. सगळी वर्षं एकत्र टाकली की ठिपक्यांचा नुसता ढग दिसतो. एकेक वर्ष घेतलं तर सहसंबंध गुणांक कधी बरा, कधी नगण्य. त्यात २०२३ चे पगार दोन साइटवर दोन वेगळे. शेवटी एकूण पगार भागिले विजय असं करून टीमची क्रमवारी लावली तर चालेल का? इथे बेसबॉल कळणारं कुणी भेटत नाही, म्हणून विचारतोय.

गोदाकाठ
ढगाचं कारण पगारवाढ. १९८५ ला किमान पगार ६०,००० डॉलर होता, २०१६ ला ५,०७,५०० डॉलर. पगार वर्षागणिक उजवीकडे सरकतो, पण लीगची विजयांची सरासरी कायम निम्मीच राहते, कारण एकाचा विजय म्हणजे दुसऱ्याचा पराभव. लासलगावचे १९८५ आणि २०१६ चे कांद्याचे भाव एकाच कागदावर मांडून 'महाग कांदा जास्त खपतो का' असं विचारल्यासारखं झालं ते.

प्रत्येक टीमचा पगार त्याच वर्षीच्या लीग-सरासरीने भागा. १.०० म्हणजे सरासरी टीम, १.८० म्हणजे श्रीमंत, ०.५० म्हणजे काटकसरी. आडव्या अक्षावर हे गुणोत्तर, उभ्यावर विजयांची टक्केवारी. नुसते विजय घेऊ नका: खेळाडूंच्या संपामुळे १९९४ चा हंगाम अर्धवट राहिला आणि १९९५ ला १६२ ऐवजी १४४ सामनेच ठरले. पुढे २०२० घेणार असाल तर तिथे फक्त ६०. प्लेऑफचे विजय मिसळायचे नाहीत.

जोडणी झाल्यावर ओळी मोजा. १९९२ पर्यंत वर्षाला २६ टीम, १९९३ पासून २८, १९९८ पासून ३०. कमी निघाल्या तर टीमचे कोड दोन टेबलांत जुळलेले नाहीत किंवा त्या टीमचे पगारच नाहीत. असल्या ओळी काही न सांगता गळतात आणि आलेख दिसायला अगदी ठीक दिसतो.

सिडको_आकडेमोड
पगार भागिले विजय हा भागाकार करू नका. किमान पगारावरचे खेळाडू घेऊन उतरलेली टीमही काही सामने जिंकणारच, ते विजय जवळपास फुकटचे. बेसबॉलच्या अर्थकारणाचे अभ्यासक डग पॅपास यांचं सूत्र यासाठीच आहे, त्यात ०.३०० म्हणजे हे फुकटचे विजय: (एकूण पगार वजा २८ × किमान पगार) भागिले ((विजयांची टक्केवारी वजा ०.३००) × १६२).

२००२ घ्या. ओकलंड १०३-५९ (विजय-पराभव), पगार सुमारे ४ कोटी डॉलर. यँकीज १०३-५८, पगार सुमारे साडेबारा कोटी. किमान पगार २ लाख, म्हणजे वजा करायचे ५६ लाख. ओकलंडचे फुकटच्यांच्या वरचे विजय ५४.४, प्रत्येकी खर्च सुमारे ६.३ लाख. यँकीजचे ५५, प्रत्येकी सुमारे २१.७ लाख. (दोघंही त्या वर्षी प्लेऑफच्या पहिल्याच मालिकेत गारद झाले, तो भाग वेगळा.)

पण इथे थांबून 'ओकलंडवाले हुशार' असं लिहाल तर परीक्षकांनी गुण कापावेत. बेसबॉलमध्ये खेळाडू सहा वर्षांची सेवा होईपर्यंत खुल्या बाजारात जाऊ शकत नाही. पहिली साधारण तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास, मग लवादाने ठरलेला पगार, आणि त्यानंतर बाजारभाव. ओकलंडचे झिटो आणि तेहादा यांनी त्या वर्षी अमेरिकन लीगचे साय यंग (सर्वोत्तम पिचर) आणि एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू) हे मोठे पुरस्कार घेतले, आणि दोघांचीही सहा वर्षं भरायची होती. म्हणजे 'स्वस्त विजय' यातला बराच वाटा 'तरुण टीम' एवढाच असतो. जमलं तर तीन वर्षांच्या आतले, तीन ते सहा आणि सहाच्या वरचे असे पगाराचे तीन भाग पाडा. लाहमनमध्ये सेवाकाळ नाही, पण पदार्पणाची तारीख आहे, तिच्यावरून कामचलाऊ विभागणी होते.

कॉलेजरोडकर
गुणोत्तर काढलं, उतार आता स्पष्ट दिसतो. धन्यवाद दादा. २०२३ चं कोडं मात्र सुटलं नाही. न्यूयॉर्क मेट्स या टीमचा आकडा कुठला धरू?

पंचवटी_एक्सप्रेस
तिथे दोन्ही साइट खऱ्या असू शकतात, कारण पगाराची व्याख्याच निरनिराळी असते. एक, हंगामाच्या पहिल्या दिवसाचा पगार. दोन, हंगामाअखेर प्रत्यक्ष दिलेला. तीन, लक्झरी टॅक्ससाठी (पगारखर्च ठरावीक रकमेवर गेला की टीमला लागणारा कर) धरलेला, ज्यात कराराची वार्षिक सरासरी आणि भत्ते येतात. डॉजर्सच्या ओहतानीचा दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार बघा: वर्षाला हातात २० लाख, कागदावर ७ कोटी, टॅक्सच्या हिशेबात सुमारे ४.६ कोटी, कारण ६८ कोटी पुढे ढकललेत. खेळाडू एकच!

तुमच्या प्रश्नाला पहिल्या दिवसाचाच पगार घ्या. अखेरचा आकडा निकालाने बाटलेला असतो: हरणारी टीम जुलैअखेरीस महागडे खेळाडू विकते, जिंकणारी विकत घेते. मेट्सनी २०२३ ला शर्झर आणि व्हर्लँडर दिले आणि सोबत त्यांच्या पगाराचा मोठा हिस्साही भरला. तो पैसा कुणाच्या खात्यात धरायचा यावरूनच साइटचे आकडे फाटतात. आणि लाहमनच्या २०१६ पर्यंतच्या आकड्यांना दुसरीकडचे पुढचे आकडे जोडायचे असतील तर दोन-तीन सामाईक वर्षं दोन्हीकडून काढून फरक तपासा, मगच जोडा.

सिडको_आकडेमोड
२०२३ निवडलंय ते बरंच झालं. पगारात वरच्या तीन टीम मेट्स, यँकीज, पॅड्रेस. विजय ७५, ८२, ८२. तळाकडच्या ओरिओल्सचे १०१ आणि रेजचे ९९. तेवढ्यावरून 'पैशाने काही होत नाही' म्हणाल, तर त्याच तळाच्या ओकलंडने ११२ सामने हरले आणि भरपूर पगार देणाऱ्या डॉजर्सनी १०० जिंकले.

एका वर्षात ३० ठिपके. ५ टक्के पातळीवर सहसंबंध ०.३६१ च्या वर गेला तरच शून्यापेक्षा वेगळा म्हणता येतो. शिवाय निव्वळ नशिबाचं प्रमाण विचलन १६२ सामन्यांत √(१६२ × ०.२५), म्हणजे सुमारे ६.४ विजय. टीमच्या विजयांचं विचलन १३ आलं तर प्रचरणाचा जवळपास चौथा हिस्सा नशिबाचा. म्हणजे टीमची खरी ताकद तंतोतंत मोजता आली असती तरी सहसंबंध ०.८७ च्या आसपासच अडला असता. पगार तर त्या ताकदीचं अंदाजे माप. दरवर्षी आकडा वरखाली होणारच, त्यात तुमची चूक नाही.

म्हणून प्रत्येक टीमची पाच वर्षांची सरासरी घेऊन पुन्हा काढा. आणि १९९८ ते २०१६ च्या ५७० ओळी स्वतंत्र निरीक्षणं समजू नका. यँकीज दरवर्षी महागच असतात, तेव्हा प्रमाण त्रुटी टीमनिहाय गट करून काढा.

नाशिकरोड_२२
आयपीएलवर हेच केलं तर? परीक्षकांनाही लगेच कळेल.

गोदाकाठ
नाही जमणार. २०२५ साठी दहाही संघांना १२० कोटींचीच मर्यादा होती, आडव्या अक्षावर फरक जवळपास शून्य. वर साखळीत १४ सामने, नशिबाचं विचलन १.९ विजय. त्या लिलावातले सर्वांत महाग दोघे, पंत २७ कोटींना आणि श्रेयस अय्यर २६.७५ कोटींना. लखनौ सातवं आलं, पंजाब अंतिम फेरीत. त्यातून काढणार काय? बेसबॉलमध्ये अशी सक्तीची मर्यादा नाही, ठरावीक रकमेवर फक्त टॅक्स लागतो (२०२३ ला २३.३ कोटी डॉलरवर, मेट्सनी सुमारे १० कोटी डॉलर टॅक्स भरला), म्हणून तर तिथे हा प्रश्न विचारता येतो.

कॉलेजरोडकर, एक चाचणी नक्की जोडा: यंदाच्या पगारावरून पुढच्या वर्षीचे विजय, आणि उलट, यंदाच्या विजयांवरून पुढच्या वर्षीचा पगार. जिंकणाऱ्या टीमची तिकिटं खपतात, पैसा येतो, पगार वाढतो. दुसरा सहसंबंध पहिल्यापेक्षा मोठा निघाला तर प्रोजेक्टचं शीर्षक बदलावं लागेल, तेव्हा ते सगळ्यात शेवटी छापा.