बढतीसाठी शाळा बदलली? नागपूरकर शिक्षकांनो, अनुभव लिहा

जिल्हा परिषद शाळेत आहे, हिंगणा तालुक्यात. मुख्याध्यापकपदाच्या यादीत यंदा नाव वर आलंय. समुपदेशनात (यादीप्रमाणे शाळा निवडायला बोलावतात ते) जवळची जागा मिळेल असं दिसत नाही. भिवापूर, नरखेड नाहीतर रामटेकच्या पलीकडे. मुलगा दहावीत. ज्यांनी अशी बढती घेतली, किंवा नाकारली, त्यांनी लिहावं. खाजगी, सीबीएसई, केंद्रीय विद्यालयवालेही चालतील. सल्ला नको, तुमचं काय झालं ते सांगा.

देवलापारकडचा मुख्याध्यापक

पैशाचं आधी सांगतो, कारण घरी पहिला प्रश्न तोच येतो. मला बारा वर्षांची चटोपाध्याय, म्हणजे वरिष्ठ वेतनश्रेणी, आधीच लागली होती. त्यामुळे बढतीने पगारात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. सत्काराचा नारळ मात्र मिळाला.

मनसरच्याही पुढे जावं लागतं. मार्चपासून सकाळपाळी लागली की अंधारात घर सोडायचं. गावात खोली घेतली आहे, मुख्यालयी राहण्याचा ग्रामसभेचा ठरावही आहे, पण शनिवारी नागपूरच्या गणेशपेठ स्टँडला उतरलो की जीव भांड्यात पडतो.

खरा बदल कामात आहे. वर्ग सुटत नाही, वर पोषण आहाराचा तांदूळ, शालार्थवरची पगारबिलं, यू-डायसवर शाळेची सगळी माहिती भरणं, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभा. जोडीला मुलांचे आधार. नाव जुळत नाही, जन्मतारीख जुळत नाही, आणि आधार जुळला नाही तर ते पोरगं संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती पदं ते ठरतं तेव्हा, मोजलंच जात नाही. पहिली ते पाचवीच्या शाळेत मुख्याध्यापकाचं पद मंजूर व्हायला पट (विद्यार्थीसंख्या) दीडशेच्या वर लागतो. शेजारच्या केंद्रातल्या शाळेतला एक जण बढतीवर गेला, पुढच्याच संचमान्यतेत पद उडालं, गडी अतिरिक्त. म्हणून मी समुपदेशनाला जाताना अंतराचा नकाशा घरी ठेवला आणि पटाचे आकडे खिशात. बाकीचे बसची सोय बघत होते. मी लांबची शाळा घेतली, पण पट भक्कम होता. पुन्हा वेळ आली तरी हेच करीन.

महालातून उमरेडला

माझी खाजगी अनुदानित संस्था. आमच्याकडे सेवाज्येष्ठता शाळेची नसते, संस्थेच्या सगळ्या शाळांची मिळून लागते. पर्यवेक्षकाची जागा निघाली ती उमरेडच्या शाळेत, आणि यादीत पुढचं नाव माझं. संस्थेने आदेश दिला, मी रुजू झाले. तिथल्या एका सरांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, बी.एड. त्यांचं आधीचं. हरकत सुटेपर्यंत शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता अडकली. खुर्ची पर्यवेक्षकाची, पगार सहाय्यक शिक्षिकेचा, आणि स्टाफरूममध्ये त्या सरांच्या समोरच टेबल. डबा उघडायचीही चोरी!

त्यात घरभाडे भत्ता नागपूरच्या दराचा जाऊन उमरेडच्या दराचा लागला. म्हणजे मान्यता येईपर्यंत बढती घेऊन हातात कमी पडत होतं. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. नंतर मान्यता आली, फरकाची रक्कमही निघाली. सर आता बोलतात, कामापुरतं.

तरी मी खूष आहे. वेळापत्रक लावायला मला मनापासून आवडतं, हे त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

वर्धा रोडवरची गणिताची टीचर

सीबीएसईत बढती म्हणजे शाळा बदलणंच. आहे तिथे कोऑर्डिनेटर व्हायला वरची व्यक्ती जावी लागते, आणि ती जात नाही. नव्या शाळेत पद मिळालं, पण पुन्हा एक वर्षाचं प्रोबेशन. जुन्या शाळेत ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षं लागत होती, ती भरल्यावरच मी राजीनामा दिला. नवीन लोकांनी घाई केली, मी केली नाही.

केंद्रीय विद्यालयवाला

आमचं गणित वेगळं. टीजीटीचा (दहावीपर्यंत शिकवणारा) पीजीटी (अकरावी-बारावीचा) झालो तर मूळ वेतन लेव्हल सातच्या 44,900 वरून लेव्हल आठच्या 47,600 वर जातं (सुरुवातीचं हं, मुरलेल्या माणसाचं वेगळं). आणि पोस्टिंग देशात कुठेही. मला आलं ते ओडिशात. नाकारलं. वर्षभर पुन्हा विचार होत नाही, एवढंच. नागपुरात परत यायला लोक किती वर्षं रांगेत असतात ते मी पाहिलंय.

काटोलचा जुना मास्तर

तुम्ही सारे जागेचं बोलून राहिले, मले तर टीईटीनंच, शिक्षक पात्रता परीक्षेनं, अडवलं. 1 सप्टेंबर 2025 ले सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. पाच वर्षांच्या आत रिटायर होणाऱ्याची नोकरी टीईटीबिगर चालते, पण बढती पाहिजे असन त पास व्हाच लागते. माझी चार उरली. यादीत नाव होतं जी माझंही.

पोरगी शिक्षक व्हाले डी.एल.एड. करून राहिली. एकच पुस्तक दोघांत. दीडशेपैकी नव्वद पाहिजे. बालमानसशास्त्रात ती मले हरवते, अन् मी तीस वर्षं पोरंच सांभाळून राहिलो! बायको म्हणते, आता काऊन करता हा खटाटोप. म्हटलं, दोन वर्षं तरी खुर्चीवर बसून पाहू दे.

हिंगण्यातून, धागा काढणारी

सगळ्यांचे आभार. टीईटी माझी झालेली आहे, तेवढं एक बरं. पटाचं डोक्यातच नव्हतं, आज यू-डायसवरून आकडे काढायला बसते. उमरेडच्या ताई, ग्रामीण दराने घरभाडे भत्त्यात किती फरक पडतो ते जरा सविस्तर लिहाल का? आणि भिवापूर तालुक्यात कोणी दीडशेच्या वर पटाच्या शाळेत असेल तर कळवा. नवऱ्याचं मत नरखेडचं आहे, कारण रेल्वे आहे. मुलाचं मत कोणी विचारलेलं नाही.